परराष्ट्र धोरण नैतिक की अनैतिक? निवाडा करताना या चुका टाळा

एखाद्या देशाचं परराष्ट्र धोरण नैतिकदृष्ट्या योग्य आहे का, हा विषय वादविवाद स्पर्धांत येतो, लोकसेवा आयोगाच्या नीतिशास्त्राच्या पेपरात येतो आणि कुठे युद्ध पेटलं की घरोघरी जेवतानाही निघतो. चर्चा बहुधा दोनच वाक्यांपाशी अडकते. "सगळे देश स्वार्थीच, तिथे नीती कसली?" हे एक आणि "आपल्या देशाने केलं ना, मग बरोबरच" हे दुसरं. दोन्हींमुळे विचार करायची गरजच उरत नाही. तो पुढे न्यायचा तर एखादं खरं प्रकरण हातात घ्यावं लागतं. मी बहुतेक ठिकाणी १९७१च्या बांगलादेश युद्धाचं घेतो, कारण त्यात जवळजवळ प्रत्येक चूक करायला जागा आहे.

हेतू तपासून थांबणं

२५ मार्च १९७१च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात (आजच्या बांगलादेशात), ढाक्यात कत्तल सुरू केली. वर्षअखेरपर्यंत सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. कोलकात्याजवळ सॉल्ट लेकला गटारांसाठी आणलेल्या सिमेंटच्या मोठ्या पायपांत कुटुंबं राहत होती आणि छावण्यांमध्ये कॉलऱ्याने माणसं मरत होती. १५ नोव्हेंबरपासून देशभरात पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागू लागलं. नवी तिकिटं छापून येईपर्यंत नेहमीच्याच तिकिटावर 'निर्वासित साहाय्य' असा शिक्का मारून काम भागवलं गेलं. डिसेंबरात युद्ध झालं आणि बांगलादेश स्वतंत्र झाला.

इथे कोणीतरी म्हणतंच, "भारताला पाकिस्तानचे दोन तुकडे करायचे होते, माणुसकी हा बहाणा." पहिला भाग खोटा नाही. शत्रूदेश दुबळा होण्यात भारताचं हित होतंच. पण त्यातून फक्त भारत सरकारच्या मनाचा निवाडा होतो. कृतीचा निवाडा बाकीच राहतो: कत्तल थांबली का, आणि ती थांबवण्याचा दुसरा मार्ग शिल्लक होता का?

आता अमेरिकेकडे बघा. अमेरिकी अध्यक्ष निक्सन यांचे सुरक्षा सल्लागार किसिंजर जुलै १९७१मध्ये पाकिस्तानातून गुपचूप पेकिंगला (आजच्या बीजिंगला) गेले. चीनशी वैर संपवणं हा उद्देश वाईट कसा म्हणणार? पण तो मार्ग पाकिस्तानचे लष्करशहा याह्या खान यांच्या हातात होता, म्हणून निक्सन सरकार पूर्व पाकिस्तानातल्या हत्याकांडावर गप्प राहिलं. ढाक्यातल्या अमेरिकी वकिलातीचे प्रमुख आर्चर ब्लड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६ एप्रिललाच तार करून आपल्याच सरकारच्या या मौनाचा निषेध केला होता. ब्लड यांची ढाक्याहून उचलबांगडी झाली. म्हणजे उद्देश चांगला असूनही वागणं अनैतिक असू शकतं, आणि मिश्र हेतूने केलेली गोष्टही योग्य ठरू शकते.

भारताच्या बाजूने बोलणारेही इथे घाई करतात. "३ डिसेंबरला पाकिस्तानने आपल्या विमानतळांवर बाँब टाकले, आपण फक्त उत्तर दिलं" एवढ्यावर ते भागवतात. प्रत्यक्षात मुक्तिवाहिनीला, म्हणजे स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या बंगाली गनिमांना, भारत कित्येक महिने शस्त्रं आणि प्रशिक्षण देत होता, आणि नोव्हेंबरच्या उत्तरार्धात गरीबपूरला आपलं सैन्य सीमेपलीकडे लढलंही होतं. हे लपवायची गरज नाही. इंदिरा गांधी त्याआधी ब्रसेल्सपासून वॉशिंग्टनपर्यंत फिरून आल्या होत्या आणि याह्या खान यांच्यावर दबाव आणा असं सांगून आल्या होत्या. त्यातून काही निघालं नाही. माझ्या मते भारताची खरी बाजू ही आहे: इतर दारं ठोठावून झाली होती.

मतं मोजून निकाल लावणं

७ डिसेंबर १९७१ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युद्धबंदी आणि सैन्य माघारीच्या ठरावाच्या बाजूने १०४ मतं पडली, विरोधात ११. विरोधकांत भारत, भूतान आणि सोव्हिएत गोटातले देश. आकडा पाहून "जगाने भारताला चूक ठरवलं" असं म्हणणं सोपं आहे. ठरावाने माघार मागितली, पण निर्वासित परत जातील कसे, याला त्यात उत्तर नव्हतं. तरीही त्या १०४ मतांना हसू नका. आपल्या देशातल्या एखाद्या प्रांतात असंतोष असेल तर उद्या शेजारी असाच शिरेल, ही कित्येक लहान देशांची भीती खरी होती. सीमांचा नियम मोडला की त्याची किंमत दुबळ्यांनाच मोजावी लागते, म्हणून तो मोडणाऱ्याकडे कारण फार भक्कम असायला हवं. १९७१मध्ये ते होतं असं मला वाटतं.

विजयाच्या दिवशी पुस्तक मिटणं

ही सर्वांत जास्त होणारी चूक. १६ डिसेंबर, शरणागतीचा फोटो, संपलं. खरी परीक्षा त्यानंतर असते. मार्च १९७२मध्ये भारतीय सैन्य बांगलादेशातून बाहेर पडलं. व्हिएतनामने १९७९च्या जानेवारीत कंबोडियातली पोल पॉटची राजवट उलथली, तेही भयंकर हत्याकांड थांबवणारंच पाऊल होतं. पण त्यांचं सैन्य १९८९पर्यंत तिथे राहिलं. सुरुवात सारखी असली तरी पुढचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

आपल्या बाजूचा हिशेबही पूर्ण मांडा. युद्धगुन्ह्यांचे आरोप असलेल्या १९५ पाकिस्तानी अधिकाऱ्यांवर खटले चालायचे होते. एप्रिल १९७४च्या दिल्लीतल्या त्रिपक्षीय करारानंतर तेही मायदेशी गेले. पाकिस्तानात अडकलेल्या बंगाली लोकांची सुटका आणि उपखंडातली शांतता ही कारणं होती, आणि बांगलादेशचीही त्याला संमती होती. पण ज्या बायकांवर अत्याचार झाले त्यांना त्या खटल्यांतून मिळू शकणारा न्याय तिथेच संपला. आणि पाकिस्तानच्या बाजूचे समजून बदला म्हणून मारले गेलेले, नंतर वर्षानुवर्षं छावण्यांत राहिलेले उर्दूभाषक बिहारी आपल्या विजयकथेत कुठे दिसतात?

ज्यांच्यावर गुदरलं त्यांना न विचारणं

महाराष्ट्रात गोव्याचा विषय निघाला की ही चूक हमखास होते. डिसेंबर १९६१मध्ये पोर्तुगालच्या ताब्यातल्या गोव्यात भारताने लष्करी कारवाई केली. सुरक्षा परिषदेत युद्धबंदीच्या ठरावाला सात मतं मिळाली, विरोधात चार, आणि सोव्हिएत नकाराधिकारामुळे ठराव पडला. गोमंतकीयांना हे हवं होतं का, असं विचारलं की पुष्कळ जण १९६७च्या जनमत कौलाकडे बोट दाखवतात. पण १६ जानेवारी १९६७चा कौल महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं, एवढ्यापुरताच होता. भारतात यायचं की नाही, हा प्रश्न मतपत्रिकेवर नव्हताच. १९६१च्या समर्थनाला आधार दुसरीकडे शोधावा लागतो: पोर्तुगालच्या सालाझारच्या हुकूमशाहीत गोवेकरांना मोकळेपणी मत मांडायची सोय नव्हती, स्वातंत्र्य मागणारे तुरुंगात जात होते आणि १५ ऑगस्ट १९५५ला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. हा आधार मजबूत आहे. चुकीचा पुरावा जोडून तो कमकुवत करू नका. कारवाईनंतर दोनेक महिन्यांतच संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांची उत्तर मुंबईतली निवडणूक होती, हे त्या काळचे टीकाकार सांगत. तो मुद्दा हेतूच्या खात्यात टाका.

नंतर कळलेल्या गोष्टींवरून आधीचा निर्णय मोजणं

श्रीलंकेत १९८७ ते १९९० या काळात आपली शांतिसेना होती; तमिळ बंडखोरांची शस्त्रं उतरवायला गेलेली ही सेना त्यांच्याशीच लढत बसली. सुमारे १२०० जवान गेले. आज ते पाऊल फसलेलं दिसतं. पण नैतिक प्रश्न असा विचारा: जुलै १९८७मध्ये, श्रीलंकेशी करार करून सैन्य पाठवताना, काय माहीत होतं, आणि जे दिसत होतं त्याकडे दुर्लक्ष झालं का?

मित्राला वेगळं माप लावणं

१९५६च्या शरदात इजिप्तमधल्या सुएझ कालव्यावर ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल चालून गेले तेव्हा नेहरूंनी लगेच, कडक शब्दांत निषेध केला. त्याच दिवसांत हंगेरीतला उठाव चिरडायला सोव्हिएत रणगाडे तिच्या राजधानीत, बुडापेस्टमध्ये शिरले आणि दिल्लीचा आवाज खाली आला. जयप्रकाश नारायण यांनी त्यावर उघड टीका केली. पुढे नेहरू सोव्हिएत कारवाईविरुद्ध अधिक स्पष्ट बोलले, हेही नोंदवायला हवं. पण ९ नोव्हेंबरला, हंगेरीत संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली निवडणुका घ्या, अशी मागणी असलेल्या ठरावाविरुद्ध भारताने सोव्हिएत गोटासोबत मत दिलं. असा पायंडा उद्या काश्मीरमध्ये आपल्यावर उलटेल, ही त्यामागची काळजी समजण्यासारखी होती. तरी सुएझवर इजिप्तच्या लोकांसाठी जो न्याय आपण मागत होतो, तोच बुडापेस्टच्या लोकांसाठी मागायला त्या दिवशी नकार दिला, असंच त्या मताविषयी म्हणावं लागतं.