बोलेरोचा वॉटर पंप घरच्या घरी बदलताना

वॉटर पंप, म्हणजे इंजिनातलं पाणी फिरवत ठेवणारा पंप, बदलणं हे पाने फिरवण्याचं काम कमी आणि साफसफाईचं काम जास्त आहे. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत मी मेंटेनन्स फिटर होतो. निवृत्त झाल्यापासून सिडकोत घरासमोरच स्वतःची, भावाची आणि गल्लीतल्या ओळखीच्यांची गाडी बघतो. पंप काढणं-बसवणं थोडीफार हातोटी असलेल्या कुणालाही जमतं. काम झाल्यावर गाडी त्रास देते ती बहुतेक वेळा दोन कारणांनी: पंप आणि इंजिन यांच्यामधलं जुनं पॅकिंग (गॅस्केट) नीट खरवडलेलं नसतं, नाहीतर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, भरताना आत हवा राहिलेली असते. म्हणून या दोन गोष्टींवर जास्त बोलणार आहे.

आधी गाडी कुठली ते बघा. मी सांगतोय ते जुन्या डीआय बोलेरोबद्दल. तिचं इंजिन गाडीच्या लांबीत उभं बसवलेलं, पंप तोंडावर, फॅनबेल्टवर फिरणारा, आणि हात घालायला जागा ऐसपैस. याच नाशिकच्या कारखान्यात बनलेली लोगन डिझेल मात्र घरी उघडू नका. तिचा पंप टायमिंग बेल्टवर, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणाऱ्या पट्ट्यावर, चालतो. बेल्ट एखादा दात जरी सरकून बसला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटायची भीती असते. जुन्या एस्टीमलाही पंपापर्यंत पोचायला टायमिंग बेल्ट काढावा लागतो. अशी गाडी सरळ चांगल्या मिस्त्रीकडे न्या, त्यात कमीपणा नाही.

पंप गेलाय हे ओळखायचं कसं? पंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक असतं. आतलं सील झिजलं की पाणी तिथून झिरपतं आणि वाळून हिरवट किंवा पांढरा ओघळ उमटतो. हे भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. त्यात एम-सील भरून गळती थांबवणारे लोक मी पाहिलेत. असं कधीही करू नका. पाण्याला बाहेरची वाट राहिली नाही की ते बेअरिंगमध्ये शिरतं, बेअरिंग सुटतं आणि फॅन रेडिएटरमध्ये घुसतो. दुसरी खूण म्हणजे खेळ, म्हणजे शाफ्टचा ढिलेपणा. बेल्ट काढून पुली दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवा. जराही खडखड जाणवली तर पंप बदलायचाच. सील-बेअरिंगचं किट मिळतं, पण प्रेसशिवाय शाफ्ट सरळ बसत नाही. मी नेहमी अख्खा पंप घेतो.

काम सकाळी करा, रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर. नाशिक साधारण 600 मीटर उंचीवर आहे, इथे उघड्या भांड्यातलं पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. रेडिएटरमध्ये ते त्याहून जास्त तापूनही उकळत नाही, कारण कॅपने दाब धरून ठेवलेला असतो. गरम गाडीची कॅप उघडली की तो दाब एकदम सुटतो आणि उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. घाई असली तरी थांबा.

बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. रेडिएटरखाली घमेलं ठेवून खालचा नळ सोडा. नळ गंजून बसला असेल तर खालचा होज, म्हणजे रबरी नळी, सैल करा. होज चिकटलेला असतो, तो ओढू नका, आधी जागेवरच पिळून फिरवा. तरीही येत नसेल तर ब्लेडने कापून काढा आणि नवा घाला. होजच्या किमतीसाठी रेडिएटरची नळी मोडून घेण्यात अर्थ नाही.

आता एक क्रम पाळा: बेल्ट ताणलेला असतानाच फॅनचे आणि पुलीचे बोल्ट थोडे सैल करून घ्या. बेल्ट आधी काढला तर पुली हातात गरागरा फिरते आणि बोल्ट काही सुटत नाही. मग अल्टरनेटरचा ॲडजस्टर ढिला करून बेल्ट काढा, फॅनभोवतीचं कव्हर सोडवा, फॅन आणि पुली बाहेर घ्या. फॅनला सिलिकॉन तेलाची कपलिंग असेल तर तो आडवा टाकू नका, भिंतीला उभा टेकवून ठेवा.

पंपाचे बोल्ट सगळे सारख्या लांबीचे नसतात. एका पुठ्ठ्यावर पंपाचा आकार काढा, भोकं पाडा आणि ज्या जागेचा बोल्ट त्याच भोकात खोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड जागी घातला तर तो तळाला टेकतो. आवळल्यासारखा वाटतो, पण पंप दाबला गेलेला नसतो. बोल्ट निघाल्यावरही पंप हलला नाही तर लाकडी हातोडीने बाजूने हलके टोले द्या. दोन पृष्ठभागांच्या फटीत स्क्रूड्रायव्हर कोंबला की तिथे ओरखडा पडतो आणि गळती कायमची मागे लागते.

आता खरं काम. इंजिन ब्लॉकच्या उघड्या भोकांत आधी स्वच्छ फडकं कोंबा, म्हणजे खरवडलेला कचरा आत जाणार नाही. बोथट पात्याने जुनं पॅकिंग काढा. पातं जवळजवळ सपाट धरायचं, टोक रुतवायचं नाही. जिथे ॲल्युमिनियम असेल तिथे हात आणखी हलका. पुतण्या मदतीला होता तेव्हा विचारत होता, "काका, एवढा डाग चालेल ना?" मी म्हटलं, "डोळ्यांनी नको, नखाने बघ." डोळे मिटून पूर्ण कडेवरून नख फिरवायचं. नुसता रंग राहिला असेल तर नख सरळ निघून जातं, पॅकिंगचा पापुद्रा राहिला असेल तर अडतं. बोल्टच्या भोकांभोवती आणि खालच्या कोपऱ्यात हमखास अडतं, कारण तिथे हात वाकडा जातो. नख कुठेच अडेनासं झालं की पेट्रोलने पुसून कोरडं करा. फडकं काढायला विसरू नका. या एका कामाला अर्धी सकाळ गेली तरी जाऊ द्या.

नवा पंप बसवण्याआधी जुन्याशेजारी ठेवून बघा: भोकांच्या जागा, पुलीच्या बैठकीची उंची, आतल्या पंख्याच्या पात्यांची दिशा. हे शक्यतो दुकानाच्या काउंटरवरच करा, म्हणून जुना पंप पिशवीत घालून न्या. पॅकिंगला सीलंट लावायचं असेल तर बोटाने पातळ थर पुरे. जाड लावलं की ते आत दाबलं जाऊन सुटतं आणि त्याचे तुकडे रेडिएटरच्या बारीक नळ्यांत अडकतात. सगळे बोल्ट आधी हाताने लावा, मग समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. 8 मिलिमीटरच्या बोल्टला साधारण 20 न्यूटन-मीटर ताण पुरतो, तरी तुमच्या गाडीच्या पुस्तकातला आकडा प्रमाण माना. टॉर्क पाना नसेल तर लहान दांडीचा पाना घ्या, पाइप लावून जोर करू नका.

बेल्टच्या सर्वात लांब भागावर मध्ये अंगठ्याने दाबल्यावर तो सुमारे 10 मिलिमीटर दबला पाहिजे. जास्त ताणलेला बेल्ट नव्या पंपाचं बेअरिंग खातो.

बोअरचं पाणी भरू नका, ही कळकळीची विनंती. आपल्याकडच्या बोअरला क्षार भरपूर, ते आत थर धरतात आणि सीलही झिजवतात. अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड वॉटर. भरताना हीटरचा नॉब पूर्ण गरमवर ठेवा आणि बारीक धारेने भरा. मग कॅप उघडीच ठेवून इंजिन आयडलवर चालू करा. बुडबुडे येत राहतील, पातळी उतरेल, तसं भरत जा. मधेमधे वरचा होज हाताने दाबा, पण फॅनपासून बाह्या आणि बोटं लांब ठेवा. हा होज एकदम गरम लागला की थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर पाण्याला रेडिएटरची वाट देणारा व्हॉल्व्ह, उघडला. बुडबुडे थांबले आणि हीटरमधून चांगली गरम हवा आली की आतली हवा निघाली समजा, मग कॅप लावा. हीटर गार हवा देत असेल तर आत अजून हवा आहे. तापमानाच्या काट्याने काहीही दाखवलं तरी विश्वास ठेवू नका, कारण काट्याचा सेन्सर हवेत लटकत असेल तर तो खोटं सांगतो.

काढलेलं कूलंट गटारात ओतू नका. आपल्या सिडकोतलं गटार नासर्डीत जातं आणि नासर्डी गोदावरीत. शिवाय ते चवीला गोड आणि विषारी असतं, गल्लीतली कुत्री चाटतात आणि मरतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, लेबल लावून, जे गॅरेज वापरलेलं कूलंट घेतं तिथे द्या.

पहिल्याच दिवशी कसारा घाट नको. पाथर्डी फाट्यावरून विल्होळीपर्यंत जाऊन या, काटा बघत रहा, परत आल्यावर पंपाखाली पुठ्ठा सरकवून ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर पातळी बघून कमी असेल तेवढं भरा. आठवड्याभराने होजच्या क्लिपा पुन्हा आवळा आणि बेल्ट नवा घातला असेल तर त्याचा ताण परत तपासा, नवा बेल्ट पहिल्या काही दिवसांत सैल पडतोच.