मोगलच्या उतारावर तंत्र आणि आत्मविश्वास कसा कमवावा

गुलमर्गला स्कीइंग शिकायला जाणाऱ्या मराठी मंडळींमध्ये सह्याद्रीतले जुने भटके बरेच आढळतात. त्यांच्याकडे दमसास असतो, गुडघे तयार असतात आणि प्राथमिक कोर्स संपेपर्यंत यंत्राने बर्फ सपाट केलेल्या उतारावर पॅरलल टर्नही (दोन्ही स्की समांतर ठेवून घेतलेली वळणे) बऱ्यापैकी जमू लागतात. खरी परीक्षा होते ती त्यानंतर, उंचवट्यांनी आणि खळग्यांनी भरलेल्या उतारावर. या उंचवट्यांना मोगल म्हणतात. माझा अनुभव असा आहे की तिथे लागणारा आत्मविश्वास धाडसातून येत नाही. हवे तिथे थांबता येते याची खात्री पटली की तो आपोआप येतो.

मोगल कसे तयार होतात हे आधी समजून घ्यावे, कारण तंत्राचे बरेचसे उत्तर त्यातच आहे. वळताना प्रत्येक जण थोडा बर्फ खरवडून खाली लोटतो, मागून येणारा त्याच खोबणीतून वळतो आणि हळूहळू खळगे खोल व उंचवटे उंच होत जातात. उंचवट्याची खालची बाजू खरवडली जाऊन कडक होते, तर तिथला सुटा बर्फ पुढच्या उंचवट्याच्या वरच्या बाजूवर साचतो. म्हणूनच कडक बाजूवर स्कीच्या कडा जोराने रोवण्याची धडपड न करता स्की आडव्या ठेवून हलकेच घसरत यावे आणि वेग कमी करावा तो पुढच्या उंचवट्यावरच्या त्या मऊ बर्फात.

वळण घ्यायला सर्वांत सोपी जागा म्हणजे उंचवट्याचा माथा. तिथे स्कीचा मधला भागच तेवढा टेकलेला असतो, दोन्ही टोके मोकळी असतात आणि स्की जवळजवळ जागच्या जागी फिरतात. माथ्यावर पोचताना घोटा, गुडघा आणि कंबर वाकवून धक्का पायांतच जिरवावा, पोल (हातातली काठी) माथ्यावर टेकवावा आणि खळग्यात उतरताना पाय पुन्हा लांब करावेत, म्हणजे स्कीचा बर्फाशी संपर्क सुटत नाही. या सगळ्या वेळात छाती उताराच्या दिशेलाच राहावी, दोन्ही हात पुढे दिसत राहावेत आणि नजर पायांशी न ठेवता दोन-तीन उंचवटे पुढे असावी.

आपल्याकडच्या भटक्यांना सर्वांत जड जाते ते शरीराचा भार पुढे ठेवणे. घसाऱ्यावरून उतरताना अंग डोंगराकडे झुकवायची सवय हाडीमाशी खिळलेली असते. स्कीवर मात्र मागे झुकताच पुढची टोके उचलली जातात आणि दिशा देणारी पकडच सुटते. नडगी बुटाच्या पुढच्या पट्टीला टेकलेली आहे ना, एवढी एकच खूण सतत तपासत राहिले तरी पुष्कळ फरक पडतो.

सरावाची सुरुवात मोगलवर करू नये. आधी सपाट केलेल्या उतारावर साइड स्लिप, म्हणजे स्की उताराला आडव्या ठेवून खाली घसरणे, दोन्ही बाजूंनी इतका पक्का करावा की विचार न करता जमला पाहिजे. हा सराव कंटाळवाणा असतो, पण त्याला पर्याय नाही. मग मोगलच्या उतारावर आडवे जात केवळ धक्के जिरवावेत, त्यानंतर एका माथ्यावर एक वळण घेऊन पूर्ण थांबावे आणि तेवढे निवांतपणे होऊ लागल्यावरच वळणे जोडावीत. उताराची कड धरावी, कारण तिथे उंचवटे सहसा लहान असतात. सकाळच्या गोठलेल्या बर्फापेक्षा ऊन लागून थोडा मऊ झालेला बर्फ नवख्याला अधिक सांभाळून घेतो.

वेगाची घाई कुणालाच नसावी. मोगलची स्पर्धा १९९२ च्या अल्बर्टव्हिल ऑलिंपिकपासून पदकांसाठी होते आणि तिथेही ६० टक्के गुण वळणांच्या दर्जाला असतात, वेगाला अवघे २० टक्के.

गुलमर्गच्या गंडोलाचे (रोपवेचे) मधले स्थानक असलेल्या कोंगडोरीच्या परिसरात हे सारे जमू लागले की अफरवट शिखराकडे जाणारा दुसरा टप्पा खुणावू लागतो. सुमारे ३९५० मीटर उंचीवरचा तो उतार वेगळ्याच जातीचा आहे: तिथला बर्फ यंत्राने सपाट केलेला नसतो आणि हिमस्खलनाचा धोका खरा असतो. त्यामुळे मोगल कितीही चांगले जमत असले तरी त्या दिवसाची हिमस्खलनाची सूचना विचारल्याशिवाय, माहितगार गाइडशिवाय आणि ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याचा शोध घेणारे संदेशयंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) व फावडे सोबत असल्याशिवाय तिथे जाऊ नये. ही साधने वापरण्याचा सरावही खाली असतानाच करून घ्यावा.