ॲलिसच्या अद्भुत विश्वाचे फॅशन छायाचित्रण कसे करावे

लुइस कॅरल यांची ॲलिसची गोष्ट १८६५ साली प्रसिद्ध झाली आणि फॅशन छायाचित्रकार आजही तिच्याकडे पुन्हा पुन्हा वळतात. अमेरिकन ‘व्होग’ या फॅशन मासिकाच्या डिसेंबर २००३च्या अंकासाठी छायाचित्रकार ॲनी लिबोविट्झ यांनी मॉडेल नतालिया वोदियानोवाला ॲलिस केले, तर जॉन गॅलियानो, टॉम फोर्ड यांच्यासारखे वेशभूषाकारच त्या चित्रांत अनुक्रमे बदामाची राणी आणि पांढरा ससा झाले. पिरेली या टायर कंपनीच्या २०१८च्या छायाचित्र-कॅलेंडरसाठी छायाचित्रकार टिम वॉकर यांनी हीच कथा केवळ कृष्णवर्णीय कलावंतांना घेऊन मांडली. या दोन्ही प्रयोगांत गोष्ट पोशाखातून उलगडते, आणि माझ्या मते अशा कामाची खरी कसोटी तीच आहे.

सुरुवात मूळ पुस्तकापासून करावी. चित्रपटांपासून करू नये. जॉन टेनियल यांची त्यातील चित्रे कृष्णधवल होती, आणि १८९०च्या सुमारास लहान मुलांसाठी निघालेल्या रंगीत आवृत्तीत ॲलिसचा झगा पिवळा होता. म्हणजे चित्रपटांमुळे ओळखीचा झालेला निळा रंग बंधनकारक नाही, हे लक्षात येताच वेशभूषेची निवड पुष्कळ मोकळी होते.

त्यानंतर कथेतील चार-पाच क्षणच निवडावेत आणि प्रत्येक क्षणासाठी एक पोशाख ठरवावा. सशासाठी बाजारातले कान आणू नयेत. पुस्तकातला ससा वेस्टकोटच्या खिशातून घड्याळ काढतो, तेव्हा अंगाला नेमका बसणारा वेस्टकोट, घड्याळाची साखळी आणि घाईत पुढे झुकलेली देहबोली एवढ्यावर तो ओळखू येतो.

गोष्टीत ॲलिसचा आकार सतत बदलतो; सर्वांत अधिक तयारी लागते ती या लहान-मोठ्या होण्याला. ती लहान दाखवायची असल्यास चहाची किटली कॅमेऱ्यापासून ६० सें.मी.वर टेबलावर ठेवावी आणि मॉडेलला ६ मीटरवर, टेबलाइतक्याच उंचीच्या भक्कम चौथऱ्यावर उभे करावे. अंतर दहापट असल्यामुळे २० सें.मी.ची किटली तिच्या शेजारी दोन मीटर उंच भासते. कॅमेरा ट्रायपॉडवर, टेबलाच्या पृष्ठभागाच्या किंचित वर असावा. टेबल आणि चौथरा यांच्यावर एकाच रंगाचे कापड अंथरावे, म्हणजे मधली फट दिसत नाही. फुल-फ्रेम (३५ मि.मी. फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर २४ मि.मी.ची लेन्स आणि एफ/१६ ॲपर्चर (लेन्सचे छिद्र बरेच लहान) ठेवून सुमारे सव्वा मीटरवर फोकस केल्यास दोन्ही गोष्टी पुरेशा स्पष्ट येतात. किटली आणि मॉडेल यांच्या सावल्या एकाच दिशेला पडल्या पाहिजेत, नाहीतर भास तिथेच मोडतो. म्हणून ढगाळ दिवसाचा समान उजेड उत्तम.

या रचनेत आडव्या चौकटीत मॉडेल साधारण पाव उंचीचीच दिसते, त्यामुळे बारीक भरतकाम वाया जाते. इथे मोठ्या घेराचा, ठळक बाह्यरेषेचा, एकाच गडद रंगाचा पोशाख द्यावा आणि कलाकुसरीचा पोशाख मोठ्या झालेल्या ॲलिससाठी राखून ठेवावा. तिच्यासाठी पोटमाळ्यासारखी कमी उंचीची जागा शोधावी, कॅमेरा जमिनीलगत ठेवावा आणि छताला टेकलेल्या खांद्यांपासून चौकटीच्या कडांपर्यंत कापड दाटून भरू द्यावे. सशाच्या बिळातून ॲलिस खाली पडते ते दृश्य त्यामानाने सोपे आहे: मॉडेलला गडद कापडावर निजवून, झग्याचा घेर आणि केस वरच्या दिशेने पसरवून छायाचित्र थेट वरून घ्यावे. शिडी धरायला एक माणूस आणि कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात, या दोन गोष्टींत तडजोड नको.

निवड करताना कथा ठाऊक नसलेल्या एखाद्या व्यक्तीला छायाचित्रे दाखवावीत आणि कापडाचा पोत, शिवण, घेर यांपैकी तिला काय दिसले ते विचारावे. ज्या चित्रात तिला फक्त किटलीच आठवते, ते कितीही मोहक असले तरी मालिकेतून काढून टाकावे.