एएनए पॉझिटिव्ह आली? रिपोर्ट असा वाचा

सांधे दुखतात म्हणून एएनए (अँटिन्यूक्लिअर अँटिबॉडी) ही रक्तचाचणी केली, 'पॉझिटिव्ह' छापून आलं, म्हणजे ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते तो आजार) झाला असं नव्हे. स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकाला चिकटणारी प्रतिपिंडं (अँटिबॉडी) रक्तात आहेत, एवढाच त्याचा अर्थ. प्रतिकारशक्तीच्या पेशींपैकी आपल्याच शरीरावर उठणाऱ्या टी-पेशी थायमस ग्रंथीत बाद होतात, तशा प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी-पेशी अस्थिमज्जेत. पण ही छाननी कधीच पूर्ण नसते. निसटलेल्यांना नियामक टी-पेशी आवरून धरतात (२०२५चं वैद्यकाचं नोबेल याच शोधांना मिळालं). म्हणून प्रतिपिंडं सापडूनही माणूस ठणठणीत असू शकतो.

आधी पद्धत बघा. 'इम्युनोफ्लुरोसन्स, हेप-२ पेशी' असं लिहिलेलं चांगलं: यात प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींवर प्रतिपिंडं चिकटली की सूक्ष्मदर्शकाखाली चमक दिसते. एलायझा या दुसऱ्या पद्धतीत मोजकीच प्रथिनं तपासली जातात, त्यामुळे काही प्रतिपिंडं हुकतात.

मग टायटर. १:८० म्हणजे रक्तद्रव ८० पट पातळ करूनही चमक दिसली. निरोगी लोकांतही १:४० वर साधारण ३० टक्के, १:८० वर १३ टक्के आणि १:१६० वर ५ टक्के पॉझिटिव्ह निघतात. रिपोर्टवर नुसतं 'पॉझिटिव्ह' असेल तर लॅबकडून टायटर मागून घ्या. त्याशिवाय पुढं बोलण्यात अर्थ नाही.

पॅटर्नवरून, म्हणजे पेशीत चमक कशी पसरली त्यावरून, दिशा कळते, निदान होत नाही. 'सेंट्रोमिअर' पॅटर्न दिसला तर थंडीत बोटं पांढरी-निळी पडतात का ते डॉक्टरांना सांगा, कारण तो त्वचा कडक करणाऱ्या स्क्लेरोडर्माशी जोडलेला आहे. 'डेन्स फाइन स्पेकल्ड' (दाट बारीक ठिपके) हा पॅटर्न मात्र निरोगी माणसांत बराच आढळतो.

चालू औषधांची यादी सोबत न्या. क्षयरोगावरचं आयसोनायझिड, रक्तदाबावरचं हायड्रॅलाझिन यांनीही एएनए पॉझिटिव्ह येते. औषध स्वतःहून बंद करू नका. थायरॉइडचा आजार किंवा जुनाट संसर्ग असेल तर तेही सांगा.

खरा कौल लक्षणं आणि लघवी देतात. गालांवर चट्टे, तोंडात व्रण, सांध्यांना सूज, लांबलेला ताप यातलं काही असेल तर लघवीतली प्रथिनं व तांबड्या पेशी, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी चाचणी) तपासून घ्या. लघवीची तपासणी अजिबात टाळू नका: मूत्रपिंडाला सूज आली तरी सुरुवातीला दुखत नाही. त्यानंतर अँटी-डीएसडीएनए (डीएनएविरुद्धची प्रतिपिंडं), ईएनए (केंद्रकातल्या ठराविक प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडं), सी३, सी४ (प्रतिकारशक्तीची रक्तातली प्रथिनं). लक्षणं नसताना हे महागडे पॅनेल करू नयेत; त्यातून नवे खोटे पॉझिटिव्ह तेवढे हाती येतात.

एएनए दर महिन्याला करण्यात पैसे घालवू नका. आजार वाढला-घटला ते तिच्या टायटरवरून कळत नाही. ल्युपसमध्ये त्यासाठी डीएसडीएनए, सी३, सी४ आणि लघवी बघतात.

उलट, एएनए निगेटिव्ह आली तर ल्युपसची शक्यता फारच कमी, पण आमवात त्यानं बाद होत नाही. त्यासाठी आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी करावी लागते.