अभ्यास करताय पण पेपरात आठवत नाही? या चुका टाळा

दिवसभर अभ्यासिकेत बसतो तरी पेपरात डोकं कोरं, असं कॉलेजची पोरं सांगतात तेव्हा मी एकच विचारतो, बसून करतोस काय बे? उत्तर ठरलेलं, वाचतो. घोळ तिथंच आहे.

आयएमपीचे झेरॉक्स आणायचे, हायलायटरनं निम्मं पान पिवळं करायचं आणि तेच तेच वाचत बसायचं. चौथ्यांदा सगळं ओळखीचं वाटतं, मग वाटतं झालं पाठ. आपल्या सोलापुरात पार्क चौकातनं रोज जाताय ना, तिथली दुकानं ओळीनं सांगा बघू, अडखळताच की. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन संशोधकांनी हेच तपासलं, एका गटानं चारही फेऱ्या उतारा वाचलाच, दुसऱ्यानं एक फेरी वाचून पुढच्या तीन फेऱ्या न बघता आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी वाचणारे पुढं होते, पण आठवड्यानं त्यांना साधारण ४० टक्के आठवत होतं आणि लिहिणाऱ्यांना ६१.

म्हणून एक टॉपिक वाचला की पुस्तक बंद, पाठकोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा, मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनानं भरा. दुसऱ्या दिवशी परत, मग चार-पाच दिवसांनी परत. सुरुवातीला चारच ओळी आठवतात आणि मूड जातो, जाऊ दे. बीकॉमवाल्यांनो, सोडवलेलं गणित नुसतं बघून मान डोलवू नका, उत्तर झाकून सोडवा.

दुसरी चूक टाइमटेबल. पहाटे ५ ते रात्री ११ सगळं भरलेलं, पण पाणी यायचा दिवस धरलेलाच नसतो! आपल्याकडं नळ काही दिवसांआड, त्या दिवशी घागरी-बॅरल भरण्यात सकाळ जाते, मग टाइमटेबल मोडलं म्हणून अख्खा आठवडा सोडून दिला जातो, आणि जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असतेच. त्यापेक्षा रोजचे दोन तास पक्के धरा आणि रविवार राहिलेलं उरकायला मोकळा ठेवा.

नाइट मारू नका, वाचलेलं पक्कं व्हायला झोप लागते. एप्रिलात पारा चाळिशीपार, तेव्हा दुपारी पत्र्याखाली अवघड विषय घेऊन बसणं म्हणजे स्वतःवर सूड उगवणं, पहाटेच उरका. फोन टेबलावर उलटा ठेवून भागत नाही, बॅगेत टाका. ग्रुप स्टडी करायचीच असेल तर एकानं विचारायचं, दुसऱ्यानं न बघता सांगायचं, नाहीतर तासभर चहाच होतो.