नोड उठवण्याआधी

शनिवारी बिगचेनडीबीचा (ब्लॉकचेनसारखा चालणारा डेटाबेस) नोड, म्हणजे त्याच्या जाळ्यातला एक संगणक, उठवायचा असेल तर त्याची डॉकर इमेज (सगळं सॉफ्टवेअर बांधलेलं तयार गाठोडं) शुक्रवारी रात्रीच उतरवून ठेवा. कर्वेनगरच्या हॉस्टेलांतलं वायफाय सकाळी दहाला कसं रांगतं, हे मी सांगायला नको. बिगचेनडीबीची ‘ऑल-इन-वन’ टॅगची इमेज घ्या. तिच्यात बिगचेनडीबी, डेटा साठवणारा मोंगोडीबी आणि नोडांमध्ये एकमत घडवणारा टेंडरमिंट एकाच कंटेनरमध्ये (इमेज चालवली की उभी राहणारी बंद खोली) येतात. तिघांना एका खोलीत कोंबणं डॉकरच्या शिस्तीत बसत नाही, पण टेस्टिंगपुरतं चालतं. इमेजचा डायजेस्ट (तिचा ठसा) रीडमीत लिहा, म्हणजे ग्रुपमधल्या सगळ्यांकडे तीच इमेज आहे हे कळेल. रीथिंकडीबी या आधीच्या डेटाबेसवर बेतलेले जुने धडे सरळ सोडा. बिगचेनडीबीच्या २०१८ साली आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत ते प्रकरण संपलं.

पोर्ट मोकळे आहेत का बघा: ९९८४ एपीआयचा, ९९८५ वेबसॉकेटचा, २६६५७ टेंडरमिंटचा. मोंगोचा २७०१७ बाहेर काढूच नका. आत पासवर्ड नसतो, आणि डॉकरने उघडलेला पोर्ट सगळ्या नेटवर्कला दिसतो, लिनक्सवरच्या यूएफडब्ल्यू या फायरवॉललाही जुमानत नाही. म्हणून प्रत्येक पोर्टच्या आधी १२७.०.०.१ (फक्त आपलाच संगणक) लिहायचं.

आता व्हॉल्यूम, म्हणजे कंटेनरचा डेटा बाहेर ठेवणारे फोल्डर. इथे घाई नको. मोंगोच्या डेटाला एक फोल्डर, त्याच्या कॉन्फिगला दुसरा, टेंडरमिंटला तिसरा. विंडोजवाल्यांनी हे तिन्ही डब्ल्यूएसएलच्या (विंडोजमधल्या लिनक्सच्या) आतच ठेवावेत, सी ड्राइव्हवर नाही. तिथे डिस्क फार मंदावते. चाचणी पुन्हा कोरी करायची तर तिन्ही एकदम उडवा. मी एकदा जागा कमी पडली म्हणून फक्त टेंडरमिंटचा उडवला. मोंगो म्हणतोय इतके ब्लॉक झाले, टेंडरमिंटची पाटी कोरी. सुरू होताना दोघांचा हिशोब जुळवणाऱ्या हँडशेकलाच अडलं, आणि माझी अख्खी दुपार एररचे लॉग वाचण्यात गेली.

लॉगला आकाराची मर्यादा घाला, नाहीतर डिस्क भरेपर्यंत ते वाढत राहतात. डेस्कटॉपवर काम असेल आणि गुरुवारी लाइट जाणार असेल तर कंटेनर आधीच थांबवा. डॉकर १० सेकंद वाट बघून प्रोसेस मारतो. मी ३० देतो.

चाचणीचा डेटा ‘टेस्ट१, टेस्ट२’ असा नको. सासवडच्या अंजिराची पेटी घ्या. बागाइतदार, आडत्या आणि दुकानदार अशा तिघांच्या एड२५५१९ (डिजिटल सहीची एक पद्धत) किल्ल्यांच्या जोड्या आदल्या रात्रीच बनवा. पेटीची नोंद क्रिएट व्यवहाराने करायची, गुलटेकडीला आडत्याकडे गेली की ट्रान्सफर. पेटीचा वाण आणि बाग ॲसेटमध्ये लिहा, ते नंतर बदलत नाही. वजन, तारीख मेटाडेटात. मग बागाइतदाराच्या सहीने तीच पेटी दुकानदारालाही देऊन बघा. नकार यायलाच हवा. मात्र व्यवहार ‘कमिट’ मोडमध्ये पाठवा. नुसत्या ‘असिंक’मध्ये तो स्वीकारल्याची पावती मिळते, ब्लॉकमध्ये गेल्याची नाही, आणि पोरं तिथेच टाळ्या वाजवतात.

नोड उठला की आधी २६६५७ वर स्टेटस उघडा, व्यवहार पाठवल्यावर ब्लॉकची उंची (शेवटच्या ब्लॉकचा क्रमांक) वाढतेय का पाहा. एकमत जमतं की नाही, हे मात्र एका नोडवर कळणार नाही. तो स्वतःलाच मत देतो. एक नोड बंद पडला तरी साखळी चालू राहते हे दाखवायचं तर किमान चार लागतात. तेव्हा शनिवारी ज्याचा लॅपटॉप १६ जीबी रॅमचा आहे त्याने तो आणावा, चार्जरसकट.