गोकाकची घळ पाहायला जाताना या चुका टाळा

बेळगावात वळवाचे दोन जोरदार पाऊस झाले, की पुढच्या रविवारी गोकाकच्या धबधब्याकडे गाड्या निघतात आणि त्यातली बरीच मंडळी संध्याकाळी हिरमुसून परततात. कड्यावरून एखादी धार तेवढी उतरत असते आणि खाली घळीत नुसते तापलेले खडक दिसतात. अशी फेरी वाया जाते, कारण या धबधब्याच्या घटप्रभा नदीचे पाणी कुठून येते हे निघताना कोणी ध्यानात घेतलेले नसते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे आपल्या डोक्यावरचे आभाळ पाहून बेत ठरवणे. गोकाकला सुमारे ५२ मीटर खाली कोसळणारी ही नदी चंदगडच्या बाजूने, सह्याद्रीतून येते. वाटेत १९७७ साली पूर्ण झालेले हिडकलचे धरण तिला अडवते आणि धबधब्याच्या वरच्या अंगाला धुपदाळच्या बंधाऱ्यापाशी तिचे पाणी कालव्यात वळते. त्यामुळे पावसाळ्याच्या सुरुवातीचे पाणी आधी धरणाच्या पोटात जाते. आंबोलीहून येणारी हिरण्यकेशी नदी मात्र हिडकलच्या खाली घटप्रभेला मिळते, म्हणून आजरा-गडहिंग्लजकडे संततधार लागली, की धरणाचे दरवाजे बंद असतानाही घळीत तांबडे पाणी उसळू लागते. तरणा पाऊस सरून म्हातारा लागला, म्हणजे जुलैच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंत, गेलेला माणूस सहसा निराश होत नाही, असा माझा अनुभव आहे. निघण्याआधी हिडकलचा विसर्ग आणि चंदगड-आजऱ्याचा पाऊस वर्तमानपत्रात पाहून घ्यावा.

हाच हिशेब जवळच्या गोडचिनमलकीला लावू नये. तो धबधबा मार्कंडेय नदीचा, आणि ही नदी आपल्या कंग्राळी-काकतीच्या शिवारातून जाते. तिथे बेळगावचाच पाऊस मोजायचा, फक्त मध्ये शिरूरचे धरण आहे हे विसरायचे नाही.

पूर आल्यावर ‘आज खरी मजा’ म्हणून निघणाऱ्यांना मी हात जोडून थांबवीन. ऑगस्ट २०१९ मध्ये याच नद्यांचे पाणी गोकाक शहरात शिरले होते. तिथपर्यंत पोचलात तरी परतीचा रस्ता पाण्याखाली जाऊ शकतो.

मला जास्त काळजी वाटते ती ऑक्टोबर-नोव्हेंबरची. ऊन पडलेले असते, पाणी निवळलेले असते, कड्याच्या माथ्यावरचे सपाट खडक उघडे पडलेले असतात आणि माणसे मुलाबाळांसह धारेपर्यंत जातात. एका दिवाळीत मी आणि माझा मेव्हणा असेच बसलो होतो. त्याने चपला काढून शेजारच्या दगडावर ठेवल्या होत्या. थोड्या वेळाने तो म्हणाला, ‘‘दाजी, मघाशी हा दगड कोरडा होता नव्हं?’’ पाहतो तर चपलांच्या तळाला पाणी लागले होते आणि पाण्यावर काटक्या-पाला वाहून येत होता. वर आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. आम्ही उठलो आणि काठावर येईपर्यंत तो दगड बुडाला. वरून पाणी सुटले, की असे होते. पाण्याचा रंग गढूळ झाला, पालापाचोळा दिसू लागला किंवा खडकावरची ओली रेघ वर सरकली, की सामान गोळा करत न बसता तत्काळ काठ गाठावा. वाळलेले शेवाळ कोरडे दिसते, पण ओला पाय पडताच ते निसरडे होते, हेही लक्षात असू द्यावे.

तिथले धोक्याचे फलक कन्नडमध्ये असतात, म्हणून आपली माणसे ते न वाचताच पुढे जातात. वास्तविक कन्नडमध्ये धोक्याला ‘अपाय’ म्हणतात, आणि हा शब्द आपल्याला परका नाही. सीमाभागात राहणाऱ्याने एवढी तीन अक्षरे ओळखायला शिकावीत. नदीवरच्या सुमारे २०० मीटर लांबीच्या झुलत्या पुलाचेही तसेच आहे. तो बंद ठेवलेला असेल, तर रखवालदाराशी हुज्जत घालू नये. खुला असेल, तर वाऱ्या-पावसात मधोमध थांबून फोटो काढत बसू नये.

उन्हाळ्यात जाऊच नये, हा समज मात्र सोडून द्यावा. पावसाळ्यात आपण पाणी पाहतो, घळ पाहत नाही, कारण तुषारांनी सगळे झाकलेले असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये सकाळी लवकर गेलात, तर घोड्याच्या नालेसारखा वळलेला संपूर्ण कडा उघडा दिसतो. हा दगड दख्खनच्या काळ्या कातळाहून कितीतरी जुना वालुकाश्म आहे. त्याचे एकावर एक रचलेले आडवे थर, नदीने पोखरलेले कोपरे, थराच्या फटीत रुजलेली झुडपे हे सारे तेव्हाच निवांत पाहता येते. दहाच्या पुढे खडक तापू लागतात आणि घळीत सावली उरत नाही, म्हणून पाण्याची बाटली व टोपी घेऊन जावे आणि ऊन चढण्यापूर्वी काठावरच्या जुन्या महालिंगेश्वराच्या देवळात येऊन बसावे.